एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर

गेल्या पर्युषण पर्वातील गोष्ट. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी घरातील सारे एकत्र बसलो होतो. पाठशाळेतून नुकत्याच आलेल्या माझ्या नातीने पानावर बसता बसता विचारले, "आजोबा, पाठशाळेतल्या नकाशात जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र दाखवले आहेत. शाळेच्या पुस्तकात सूर्य एकच आहे. परीक्षेत काय लिहायचे ते मला ठाऊक आहे. पण खरे काय मानायचे?"

माझ्या लहानपणी हाच प्रश्न मी वडिलांना विचारला होता. "शाळेत शाळेचे, मंदिरात मंदिराचे," एवढेच त्यांचे उत्तर होते. त्या उत्तरावर माझे आयुष्य निभावले, कारण पुढे दुकान आले, वह्या आल्या आणि प्रश्न मागे पडला. नातीला तेच उत्तर द्यावेसे मात्र वाटेना. ती विज्ञान शाखेकडे जाणारी मुलगी आहे आणि पाठशाळाही तिने कधी चुकवलेली नाही. तिच्यापासून दोन्हींपैकी एक काही हिरावून घेणारे उत्तर नको होते. मी म्हटले, "आधी दोन्ही चित्रे नीट पाहू. प्रमाण समजल्यावाचून बोलायचे नाही."

त्या एका वाक्यातून जे घडले, ते वाचकांपुढे ठेवण्याचे कारण इतकेच की ते कोणत्याही कुटुंबाला एका सकाळीत आणि जवळजवळ विनाखर्च करता येण्यासारखे आहे.

पुस्तकातील चित्राची अडचण

नातीच्या पुस्तकात सूर्यमालेचे रंगीत चित्र होते. डावीकडे सूर्याचा तुकडा आणि त्याच्या उजवीकडे एकमेकांना जवळजवळ खेटून बसलेले आठ ग्रह. भुसार मालाच्या व्यापारात चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाची नजर आधी मापाकडे जाते. मी तिला विचारले, "यात पृथ्वी एक सेंटीमीटरची काढली आहे. मग सूर्य किती दूर हवा?"

आम्ही हिशेब मांडला. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि सूर्याचे सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. म्हणजे पृथ्वी एक सेंटीमीटरची असेल, तर सूर्य सुमारे ११७ मीटर दूर हवा आणि त्याचा व्यास एक मीटरहून अधिक हवा. नेपच्यून त्याच चित्रात साडेतीन किलोमीटरवर जाऊन पडतो. असे पुस्तक छापणे कोणालाही शक्य नाही. चित्रकार लबाड नसतो, कागदच अपुरा असतो. आकार खरे दाखवावेत तर अंतर खोटे होते आणि अंतर खरे दाखवावे तर ग्रह दिसेनासे होतात. दोन्ही एकाच मापाने खरे दाखवायचे, तर घराबाहेर मोकळ्या जागेतच जावे लागते.

त्रैराशिक आणि किराणा

पहिल्या हिशेबात मी चूक केली. पृथ्वीसाठी मुलांच्या खेळातील गोटी घ्यावी असे माझ्या मनात होते. त्रैराशिक मांडले, तेव्हा नेपच्यून जवळजवळ पाच किलोमीटरवर, पुढच्या गावाच्या वेशीत गेला. नातवंडे हसली. मग नातीनेच सुचवले, "आजोबा, कोटींत मोजू या. एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर."

हे माप आपल्या मोजणीच्या पद्धतीला इतके सोयीचे आहे की मला त्याचे नवल वाटले. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणून १५ मीटर. नेपच्यून सूर्यापासून ४५० कोटी किलोमीटर दूर, म्हणून ४५० मीटर. वेगळे गणित करावेच लागत नाही. आकारांसाठी एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर धरले की झाले.

मग वस्तूंचा शोध सुरू झाला. त्यासाठी आमचे दुकान पुरेसे ठरले. मंगळासाठी खसखस योग्य, असे धाकट्या नातवाने कुठेसे वाचले होते. परंतु बहुबीज म्हणून आमच्या घरात ती वर्ज्य, तेव्हा रव्यावर भागवले. अखेर यादी अशी ठरली :

सूर्य : १४ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू. येथून मोजणीचा आरंभ.
बुध : बारीक रव्याचा कण, अर्धा मिलिमीटर. अंतर ५.८ मीटर.
शुक्र : मोहरीचा बारीक दाणा, १.२ मिलिमीटर. अंतर १०.८ मीटर.
पृथ्वी : तसाच दुसरा दाणा, १.३ मिलिमीटर. अंतर १५ मीटर.
मंगळ : जाड रव्याचा कण, ०.७ मिलिमीटर. अंतर २२.८ मीटर.
गुरू : लहान गोटी, १४ मिलिमीटर. अंतर ७७.८ मीटर.
शनी : मोठ्यात मोठा काबुली चणा, १२ मिलिमीटर. अंतर १४३ मीटर.
युरेनस : काळ्या मिरीचा दाणा, ५ मिलिमीटर. अंतर २८७ मीटर.
नेपच्यून : मिरीचा दुसरा दाणा, ५ मिलिमीटर. अंतर ४५० मीटर.

सूर्यासाठी रद्दी कागदाचा गोळा करून त्यावर सुतळी गुंडाळली आणि परीघ ४४ सेंटीमीटर भरेपर्यंत ती गुंडाळत राहिलो. वरून पिवळे फडके शिवले ते नातवंडांच्या आजीने. शनीच्या चण्याभोवती पावणेतीन सेंटीमीटर व्यासाचे कागदी कडे बसवले. प्रत्येक ग्रह जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर खळीने चिकटवला आणि खाली नाव लिहिले.

बाजाराच्या आवारात

चातुर्मासात ओल्या जमिनीवर, गवतावर उगाच वावरणे बरे नाही, म्हणून कार्तिकी पौर्णिमा होऊ दिली. पुढच्या अमावास्येला बाजार समितीतील लिलाव बंद होते. आवारातला सरळ डांबरी रस्ता सकाळी रिकामा मिळाला. फाटकाजवळच्या खांबावर सूर्य टांगला आणि मोजपट्टी घेऊन आम्ही निघालो.

पहिले चार ग्रह पाहता पाहता झाले. माझ्या सुमारे आठव्या पावलावर बुध, चौदाव्यावर शुक्र, विसाव्यावर पृथ्वी आणि तिसाव्यावर मंगळ. पृथ्वीच्या पत्रिकेवर नातीने मोहरीपासून जवळजवळ चार सेंटीमीटरवर टाचणीने एक बारीक ठिपका दिला, तो चंद्र. मनुष्य आजवर स्वतः जेथवर जाऊन आला, ते अंतर म्हणजे ही चार सेंटीमीटर. तीही मोजक्याच जणांनी ओलांडली.

येथेच आम्ही एक पडताळा पाहिला. पृथ्वीच्या जागी उभे राहून, हात पूर्ण लांब करून करंगळी त्या पिवळ्या चेंडूपुढे धरली. चेंडू करंगळीच्या सुमारे अर्ध्या रुंदीएवढा दिसला. आकाशातील सूर्य आपल्याला एवढाच दिसतो. मात्र त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. पौर्णिमेचा चंद्रही जवळजवळ तेवढाच दिसतो, तेव्हा तपासणी चंद्रावर करावी. पंधरा दिवसांनी आम्ही ती केली आणि माप जुळले. आपला मांड बरोबर आहे, हे आकाशानेच सांगितल्यासारखे झाले.

मंगळानंतर मात्र मुलांचा उत्साह कसोटीला लागला. गुरूपर्यंत ५५ मीटर नुसता रस्ता. गुरूपासून शनीपर्यंत ६५ मीटर. शनीपासून युरेनसपर्यंत १४४ आणि तेथून नेपच्यूनपर्यंत १६३ मीटर. धाकटा सारखा विचारी, "अजून किती?" चित्रात खेटून बसलेले ग्रह पायांखाली असे दुरावत गेले. माझ्या सहाशेव्या पावलाच्या सुमारास आम्ही नेपच्यूनची पत्रिका ठेवली आणि मागे वळून पाहिले. चेंडू होता तेथेच होता, पण त्याचा जेमतेम एक पिवळा ठिपका उरला होता. त्या ठिपक्याच्या ओढीने हा मिरीचा दाणा सुमारे १६५ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो.

परत येताना उजेडाच्या गतीचा विषय निघाला. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आमच्या रस्त्यावर तीन सेंटीमीटर. ही साधारण मुंगीची चाल झाली. सूर्यापासून निघालेली मुंगी पृथ्वीच्या दाण्यापाशी आठ मिनिटे वीस सेकंदांनी पोहोचेल आणि नेपच्यूनपाशी चार तासांहून अधिक वेळाने. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आज याच मापाने अडीच किलोमीटरवर, म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकापासून आणखी दोन किलोमीटर पुढे आहे.

"आणि पुढचा तारा?" नातीने विचारले. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. आमच्या मापात तो सुमारे चार हजार किलोमीटरवर येतो. मुंबईहून सिंगापूर साधारण तेवढेच दूर आहे. येथे बाजाराच्या फाटकावर एक चेंडू आणि सिंगापुरात सुपारीएवढा दुसरा गोळा. मधल्या विस्तारात तिसरा तारा नाही.

बाजार समितीचा मोठा काटा समोरच होता, म्हणून वजनाचाही हिशेब केला. सूर्य आणि सारे ग्रह मिळून एक टन माल धरला, तर त्यात सूर्य ९९८ किलोहून अधिक भरतो. आठही ग्रहांचे वजन मिळून सुमारे १ किलो ३४० ग्रॅम होते आणि त्यातला जवळजवळ एक किलो एकट्या गुरूचा. पृथ्वीच्या वाट्याला तीन ग्रॅम येतात. एवढी तूट तर पोत्यामागे आम्ही विचारातही घेत नाही.

पत्रिका गोळा करताना एक गोष्ट घडली. पृथ्वीच्या पत्रिकेवरची मोहरी खळ सुटून पडली होती. डांबरावर इतर धान्याचे दाणे, माती आणि कचरा. तिघांनी वाकून शोधले, पण ती सापडली नाही. धाकटा म्हणाला, "पुडीत पुष्कळ आहेत, दुसरी लावू." नात काही बोलली नाही. तिने पुडीतून दाणा घेतला, पण लावला मात्र नाही. ती पत्रिका आजही तिच्या वहीत रिकामीच आहे.

जगातील असे रस्ते

असे मांड अनेक देशांत कायमचे उभारलेले आहेत. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर २००१ साली उभारलेला मांड नेमक्या याच मापाचा, म्हणजे मूळ सूर्यमालेच्या एक हजार कोटीव्या हिश्शाचा आहे. तेथे प्लूटोपर्यंतचे अंतर सुमारे ६०० मीटर आहे.

स्वीडनमध्ये तर सारा देशच त्यासाठी वापरला आहे. तेथील माप दोन कोटीव्या हिश्शाचे. स्टॉकहोममधील, पूर्वी ग्लोब नावाने ओळखले जाणारे प्रचंड गोलाकार क्रीडागृह हा सूर्य आहे. पृथ्वी म्हणजे निसर्गविज्ञान संग्रहालयातील ६५ सेंटीमीटरचा गोळा, मंगळ उपनगरातील एका व्यापारी संकुलात, शनी उप्साला शहरात आणि प्लूटो राजधानीपासून सुमारे ३०० किलोमीटर उत्तरेस डेल्स्बो गावी. खरेदीला गेलेला माणूस तेथे मंगळाजवळून पिशवी घेऊन जातो, ही कल्पना मला व्यापारी म्हणून विशेष आवडली.

अमेरिकेतील इथाका या गावी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या स्मरणार्थ १९९७ साली ग्रहांची पदयात्रा उभारली गेली. त्याच मापाने पुढच्या ताऱ्याचा स्तंभ कोठे यावा, याचा हिशेब करून तो २०१२ साली पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर बसवला गेला. सूर्य एका गावात आणि शेजारी तारा महासागरात, अशी ती एकच मांडणी आहे.

अंतरे कळली कशी?

येथवर आल्यावर नातीने योग्य तो प्रश्न विचारला, "हे पंधरा कोटी कोणी मोजले?"

या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याला पटकन कळते. केपलरने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावरून ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ आणि त्याचे सूर्यापासूनचे अंतर यांचा संबंध स्पष्ट झाला. गुरू पृथ्वीच्या पाचपटींहून थोडा अधिक दूर, शनी साडेनऊपट, ही गुणोत्तरे हाती आली. परंतु ती एक पट म्हणजे किती, हे नक्की नव्हते. तराजू होता, वजन नव्हते. ते वजन मिळवण्यासाठी १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी निरनिराळ्या देशांचे निरीक्षक पृथ्वीच्या दूरदूरच्या ठिकाणी गेले. दोन ठिकाणांहून दिसणाऱ्या मार्गातील किंचित फरकावरून अंतर काढता येते. पुढे १९६१ साली शुक्रावर रडारलहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपला गेला आणि माप पक्के झाले. २०१२ साली हे एकक १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७० किलोमीटर ७०० मीटर असे ठरवून दिले गेले. आज याच अंतरांच्या भरवशावर याने सोडली जातात आणि ती ग्रहापर्यंत पोहोचतात. मालाचे वजन बरोबर होते की नाही, ते माल पोहोचल्यावर कळते, तसेच हे.

आपल्याकडील मांड

आता पाठशाळेतील नकाशाकडे वळलो. तेथेही कागदाची तीच अडचण दिसली. जंबूद्वीप एक लाख योजने. त्याभोवती लवणसमुद्र दोन लाख, धातकीखंड चार लाख, कालोदधी आठ लाख, पुष्करवरद्वीप सोळा लाख. प्रत्येक वलयाची रुंदी आधीच्याच्या दुप्पट. जंबूद्वीप एक सेंटीमीटरचे काढले, तर त्याला पहिले धरून दहावे वलय पाच मीटरहून रुंद होते. यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्तीत ही मोजमापे किती बारकाईने दिली आहेत, हे ज्यांनी तो ग्रंथ उघडून पाहिला त्यांना ठाऊक आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्याच्या आरंभी गणिताची थोरवी सांगताना व्यापार आणि पाकशास्त्र यांच्या जोडीला ग्रहांची गती आणि द्वीपसागरांची मापे यांचाही उल्लेख आहे. आम्ही दुकानात आणि रस्त्यावर वापरलेले त्रैराशिकही त्या ग्रंथात आहे.

हा विस्तार पायांनी अनुभवावा, असे आपल्याही परंपरेला वाटले. गणिनी आर्यिका ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने हस्तिनापूर येथे उघड्या आकाशाखाली उभी राहिलेली जंबूद्वीपाची रचना अनेक वाचकांनी पाहिली असेल. मध्ये १०१ फुटांचा सुमेरू आणि भोवती लवणसमुद्राचे पाणी. १९८५ साली ती पूर्ण झाली. तेथे चालताना शास्त्रातील जे वर्णन वर्षानुवर्षे केवळ कानांवर पडलेले असते, त्याला दिशा आणि जागा मिळते.

नातीला दिलेले उत्तर

मग मी नातीला जे सांगितले, ते असे. शाळेतील सूर्यमाला मोजलेली आहे. तिचे माप कसे घेतले हे आपण पाहिले आणि त्याचा एक छोटा पडताळा स्वतःच्या करंगळीने घेतला. ते मनात आडपडदा न ठेवता खरे मानावे. आगमातील लोकरचना आपल्याकडे वेगळ्या मार्गाने आली आहे. ती शास्त्रकारांच्या शब्दप्रमाणाने आली आणि मुख्यतः जीवाच्या भ्रमणाचा विस्तार मनावर ठसवण्यासाठी सांगितली गेली. एकाच्या फूटपट्टीने दुसरे मोजू नये आणि दोन्ही ओढूनताणून एक आहेत असेही म्हणू नये. दोन सूर्य आणि एक सूर्य यांचा मेळ मला घालता येत नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितले. अनेकान्ताचे नाव घेऊन अवघड प्रश्न टाळणे हा अनेकान्त नव्हे. कोणते विधान कोणत्या प्रमाणाने आणि कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे दर वेळी सांगणे, एवढी तरी त्याची मागणी आहे.

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग वहीत दोन वेगळी पाने करते. प्रत्येक पानावर माप लिहिते आणि ते कोणी, कसे घेतले ते लिहिते." वडिलांच्या उत्तरापेक्षा हे उत्तर पुढचे आहे, असे मला वाटते. वडिलांनी दोन खोल्या केल्या होत्या आणि मधले दार लावून घेतले होते. हिने दार उघडे ठेवले.

बारा भावनांत एक लोकभावना आहे. लोकाचा विस्तार डोळ्यांसमोर आणावा, त्यात आपले स्थान पाहावे आणि ममत्व सैल करावे, असा तिचा हेतू. ती मी आयुष्यभर पाठ म्हणत आलो. अमावास्येच्या त्या सकाळी डांबरी रस्त्यावर वाकून, दुकान, घर, बाजार आणि सारे आप्त ज्यावर आहेत तो मोहरीचा दाणा शोधताना ती थोडी कळली.

आपण करणार असाल तर

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. साडेचारशे मीटरचा सरळ आणि वाहनांपासून सुरक्षित रस्ता शोधावा. तो न मिळाल्यास माप निम्मे करावे आणि वस्तूही निम्म्या घ्याव्यात. गवत आणि मुंग्यांच्या वाटा टाळून, चार हात पुढची जमीन पाहत चालावे. ग्रह खऱ्या आकाशात असे एका ओळीत नसतात, निरनिराळ्या दिशांना असतात, हे मुलांना आधीच सांगावे. अंतर मोजण्याचे काम मुलांना द्यावे आणि मोठ्यांनी वही धरावी. दाणे खळीऐवजी चांगल्या डिंकाने चिकटवावेत. आणि घरातील आजी-आजोबांना नेपच्यूनपर्यंत चालवत न्यावे. तेथून मागे वळून पाहण्यासाठी सहाशे पावले फार नाहीत.